डॉक्टर तोमोझेई यांचा शिक्का

मी एक शिक्का, डॉ. लिव्यू तोमोझेई यांचा. आमच्या रोमानियात माझ्यासारख्या शिक्क्याशिवाय डॉक्टरच्या सहीला काडीची किंमत नाही. या गोष्टीचा मला पूर्वी कोण अभिमान होता! आता स्वतःचीच शिसारी येते.

आम्ही बॅटरीच्या कारखान्यातल्या दवाखान्यात होतो. एके सकाळी भट्टीवरचा इलारिये आला. हिरड्यांवर निळसर रेघ, पोटात कळा. शिसं अंगात भिनलं होतं.

"मला भट्टीवरून हलवा हो, डॉक्टर. पदरात दोन लेकी आहेत."

"हलवतो की! उद्या कागद घेऊन जा."

दुपारी संचालकांचा फोन आला. ना धमकी, ना आरडाओरडा.

"या महिन्यात भट्टीवरून चार माणसं काढलीत तुम्ही. आता भट्टी काय तुम्ही पेटवणार? बरं, दुकानात मिळत नाही ती खरी कॉफी आलीय, पाठवतो."

डॉक्टर घाबरले असते, तर मी समजून घेतलं असतं. ते फक्त अवघडले. सिस्टर साव्हेताला म्हणाले, "मी अडून बसलो तर दुसऱ्याला आणतील. तो माझ्याहून वाईट निघायचा."

मग त्यांनी कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा ओढला, सह्या ठोकल्या, मला धपाधप उमटवलं आणि कॉफी प्यायला गेले. मागं सिस्टरनं प्रत्येकावर 'कामास योग्य' लिहिलं. ठरवलं कुणीच नव्हतं म्हणे. वा रे शहाणपणा! इलारियेला खिडकीतून त्यातलाच एक मिळाला.

वसंतात तो परत आला. शिशानं लुळा पडलेला उजवा पंजा मनगटापासून लोंबत होता. कोटाची बटणं सोबत आलेल्या बायकोनं काढून दिली.

"अरे, इतके दिवस झोपला होतास का? आधी यायचं नाही?" डॉक्टर चक्क रागावले.

इलारियेनं डाव्या हातानं तो कागद टेबलावर ठेवला. "तुम्हीच दिला होतात ना, डॉक्टर?"

डॉक्टरांनी चष्मा लावून पाहिलं. "हे अक्षर माझं नाही," ते म्हणाले.

थू!

पुढं डॉक्टर निवृत्त झाले. "यांनी कधी कुणाला दुखावलं नाही," असं संचालक भाषणात म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इलारियेलाही पहिल्या रांगेत बसवलं होतं. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं, तेव्हा त्यानं डाव्या हातानं आपली मांडी थोपटली.

डॉक्टर आता मला आठवण म्हणून कपाटात पुसूनबिसून ठेवतात. कुणीतरी मला चुलीत टाका हो. रबर जळताना घाण वास सुटेल. सुटू दे, तो तरी खरा असेल.