चकाकी उतरवताना

बॉल पिशवीतून काढला आणि माझं डोकंच सटकलं. तो आरशासारखा चकाकत होता.

मागच्या रविवारी मी तो शिरूर अनंतपाळला, घरी विसरले होते. आज नांदेडला राज्याच्या टेनपिन बॉलिंग संघाची निवड चाचणी होती, म्हणून अप्पा किराणा दुकान बंद ठेवून पहाटेच्या बसनं तो घेऊन आले होते. मी चार वर्षं बोलावून थकले तेव्हा कुठं ते माझा खेळ बघायला येत होते.

आणि मी ती चमक दोन आठवडे घासून मुद्दाम घालवली होती. पिना उभ्या असतात त्या लांब लाकडी लेनवर तेल लावलेलं असतं. चकचकीत बॉल त्यावरून सरळ घसरतो. खरबरीत बॉल शेवटी जमीन धरतो आणि पिनांकडे वळतो. माझा सगळा खेळ त्या वळण्यावर.

"लई मळकं दिसून राहिलं होतं," अप्पा म्हणाले. "मल्लिनाथच्या ग्यारेजमधून गाडीचं पॉलिश आणलं. दोन दिवस घासलं बघ."

रोज सकाळी डाव्या तळहातावर गळ्यातलं काळं इष्टलिंग घेऊन, पाण्यानं धुऊन, मऊ फडक्यानं पुसणारा माणूस हा. काळं, गोल आणि निस्तेज असं काही त्यांच्या हाताला सोसणारच नव्हतं. तरी माझ्या तोंडून निघालंच, की अप्पा, मला चमकच नको होती. त्यांचा चेहरा पडला. मला स्वतःची लाज वाटली.

घासायचा पॅड विष्णुपुरीच्या हॉस्टेलवर राहिला होता आणि माझी पाळी वीस मिनिटांवर आली होती. मी हे पुटपुटले, तसं अप्पांनी खिशातली पुडी सोडली. आत विभूतीची पांढरी वडी होती.

"अप्पा, ती पूजेची."

"राखच हाय की. तुझी आई ह्याच राखेनं तांब्या घासायची."

पण वडी फोडताना त्यांचा हात थांबला, तो मी पाहिला. मग त्यांनी डोळे मिटून ओठ हलवले आणि वडी चुरली. ओल्या फडक्यानं आम्ही दोघं बॉल घासत बसलो. अप्पा जपून घासत होते, मी दात-ओठ खाऊन. चकाकी उतरली, बॉल धुरकट झाला. पंचांना दाखवून तो स्वच्छ पुसून घेतला.

घामानं अप्पांच्या कपाळावरचे विभूतीचे पट्टे पुसले गेले होते आणि पुडीत काहीच उरलं नव्हतं. माझ्या बोटांना मात्र राख होती. मी तीन बोटं त्यांच्या कपाळावरून ओढली. लहानपणी ते मला लावायचे, तसंच.

माझं नाव पुकारलं. बॉल सोडला. तेलावरून घसरला, शेवटी जमीन धरली आणि वळला. दहापैकी नऊ पिना पडल्या.

मागून अप्पांचा आवाज आला. "रुद्रे, ती एक कुणाची वाट बघून राहिली?"

मला हसू आलं, डोळेही भरले. दुसऱ्या फेकीला तीही गेली.