ज्या शब्दाला मी थांबत असे

मी घोडी बोलतेय. नाव पाखरी, रंग कुमैत, म्हणजे अंग तांबूस आणि आयाळ काळी. केळझरच्या अलीकडे एक लहानसं गाव आहे, तिथे कवडू गुरुजींच्या अंगणात माझा मुक्काम असतो. येणारे-जाणारे म्हणतात, "म्हातारी झाली बिचारी." म्हातारी झाले हे खरं. बिचारी का म्हणतात, ते कळत नाही. चारा वेळेवर मिळतो आणि बघायला माणसं आहेत.

माणसांकडे बघत राहायची मला लहानपणापासून खोड. तोंडात लगाम असला तरी डोळे मोकळेच असतात, आणि ते दोन बाजूंना असल्यामुळे मला पाठीवरच्या माणसाचे पायही दिसतात. माणूस कुठे चढतो आणि कुठे उतरतो, हे मी जन्मभर बघत आले. त्यातलं पुष्कळसं मला अजूनही समजलेलं नाही.

माझा जन्म गावच्या जमीनमालकाच्या, मालगुजार सदाशिवरावांच्या तबेल्यातला. मालक मोठ्या घोड्यावर बसत. मी अंगाने लहान, म्हणून मला निरोपाच्या कामाला लावलं. निरोप नेणारा होता श्रावण. काटकुळा, पायात वहाण नाही, बोलणं अगदी हळू. खोगीर मालकांच्या माणसांसाठी. श्रावणने माझ्या पाठीवर पोतं टाकून बसायचं. तेही गावाच्या बाहेर. गावात शिरताना वाड्याच्या ओट्यावरची मालकांची बैठक दिसली, की तो पाय खाली टाकी आणि म्हणे, "जोहार, मायबाप!" उतरणं आणि बोलणं एकाच वेळी व्हायचं. पटवारी भेटला तरी तेच, वाटेत एखादा पाटील भेटला तरी तेच. मी बापडी एवढंच शिकले, की 'जोहार' ऐकलं की चारही पाय रोवून उभं राहायचं. मी थांबले नाही तर तो पडायचा ना!

बैठकीवर बसलेल्यांना कोणी असा शब्द म्हणायला लावत नसे. तेही श्रावणसारखेच दोन पायांचे. मग हा उतरतो आणि ते बसून राहतात, असं का? मी कान हलवून विचारायची. माझ्या कानाकडे कोण लक्ष देणार?

पुढे कायदा आला आणि मालगुजारी गेली. तबेला रिकामा होऊ लागला. मोठे घोडे कुठे कुठे गेले. माझ्याकडे बघून सदाशिवराव श्रावणला म्हणाले, "घेऊन जा इले. खाऊ घालता आलं तं तुहीच." तेव्हा मी श्रावणच्या मागोमाग गावाच्या टोकाच्या वस्तीत आले. त्याचा मुलगा कवडू तेव्हा शिकून नुकताच शाळेत मास्तर झाला होता.

रविवारची गंमत या कवडूमुळे सुरू झाली. शाळेला सुट्टी असली की तो माझ्यावर जुनं खोगीर कसून रानात निघायचा. त्याचा बालमित्र बापूराव हा वांगी-टमाटे लावणारा शेतकरी. त्याच्याकडे एक टट्टू होतं. ते जन्मभर दोन बाजूंना भाजीची पोती वाहत आलेलं, म्हणून पाठीवर नुसता बापूराव असला तरी झाडापासून चार हात लांबून जायचं. तिसरे मधुकरराव, पोस्टात कारकून. त्यांचा पांढरा घोडा आधी टांग्याला होता. वाटेत कोणी घाम पुसायला हात वर केला, की हा सवारी आली समजून उभा! मधुकरराव वर बसून ओरडत, "अरे, भरलाय टांगा, चल!"

आम्ही सहाजण, तिघे खाली आणि तिघे वर, असे पळसाच्या रानातून जायचो. कधी केळझरच्या गणपतीच्या टेकडीखाली मुक्काम व्हायचा. गोवऱ्या पेटवून कणकेचे रोडगे भाजायचे, बापूरावची वांगी त्याच विस्तवात. कवडू वाटेतल्या प्रत्येक झाडाचं नाव विचारायचा, बापूराव सांगायचा, आणि नाव माहीत नसलं तर ठोकून द्यायचा. माणसं रानात गेली की इतकी निराळी का होतात, याचं मला नवल वाटे. रानात कोणी कोणासाठी उतरत नव्हतं.

मग एके वर्षी दसऱ्याला श्रावण, कवडू आणि कवडूची बायको कमला नागपूरला गेली. सगळी वस्तीच दीक्षेला गेली होती. परत आली ती पांढऱ्या कपड्यांत. घरात 'जयभीम' हा नवा शब्द आला आणि 'जोहार' निघून गेला. कवडूने बापाला सांगितलं, "बा, आता थो शब्द सोडला आपन." श्रावणने मान हलवली. कमला मात्र कवडूला म्हणाली, "तुमी रविवारी बैठकीवरून कायले जाता? मागून नाल्याकडून रस्ता हाय ना." तोवर कवडूही बैठक आली की उतरून चालत जायचा. त्या रविवारी तो उतरायचा नाही, हे तिने ओळखलं होतं.

तो उतरला नाही. पुढे बापूराव, मधे आम्ही, मागे मधुकरराव. बैठकीवर सदाशिवरावांचे दिवाणजी पानाला चुना लावत बसले होते. ते मोठ्याने म्हणाले, "काऊन रे कवडू! दीक्षा घेतली तं जोहार बी विसरला काय?"

शब्द कानावर पडला आणि मी चारही पाय रोवले.

कवडूने टाच मारली, लगाम ओढला. मी हलले नाही. मला वाटलं, आज शाबासकी मिळणार. बैठकीवर हशा पिकला. दिवाणजी म्हणाले, "पाहा, घोडीले रीत मालूम हाय, मास्तरले नाई!" शेवटी कवडू उतरला. मला ओढत ओढत पायी गावाबाहेर आला. गावाबाहेर आल्यावरही तो परत चढला नाही. एवढं काय बिघडलं, ते मला कळेना.

नाल्यावर बापूराव म्हणाला, "जाऊ दे न गड्या. दहा पावलाची तं गोष्ट हाय. उतरत जा, पुढे जाऊन चढजो."

"तू उतरतं का?" कवडूने विचारलं.

बापूरावने टट्टू पुढे काढलं. रोडगे त्या दिवशी कोणी पोटभर खाल्ले नाहीत.

त्यानंतर कवडू मला नाल्याच्या वाटेने नेऊ लागला. दोघे मित्र गावातून सरळ येत, आम्ही चिखल तुडवत मागून. रानात भेट व्हायची, पण पहिल्यासारखी थट्टा नव्हती. कवडू झाडांची नावं विचारेनासा झाला. मला वाटू लागलं, आता एखाद्या रविवारी खोगीर खुंटीवरच राहणार.

पण एका रविवारी नाल्यात मागून पाण्याचा आवाज आला. बघते तर टट्टू! बापूराव गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. त्याच्यामागे मधुकरराव, धोतर वर खोचून.

"तुमी इकडून काऊन?" कवडूने विचारलं.

"तिकडून मन लागत नाई," बापूराव म्हणाला. "किती दिवस वेगळ्या वाटेनं जायचं बे? काई तरी कर."

कवडूने माझ्या कपाळावर हात ठेवला. मग म्हणाला, "इच्या कानातून थो शब्द काढता येत नाई. मंग त्याचा अर्थ बदलू. जोहार म्हंजे थांब नाई. जोहार म्हंजे चाल."

मधुकररावांना पटलं. "पण म्हणणार कोण?"

"मी नाई म्हनत. मी सोडला."

मग दोघेही बापूरावकडे बघू लागले. बापूरावने घसा खाकरला, तोंड उघडलं आणि मिटलं. "जो..." म्हणून थांबला, हसला, पुन्हा घसा खाकरला. भर बाजारात वांग्यांसाठी ओरडणारा हा माणूस, त्याला एक शब्द निघेना! मी कान पुढे करून बघत होते.

"लहानपनापासून आयकला गड्या," तो म्हणाला. "बोललो कधी नाई."

शेवटी कवडू माझ्यावर बसला, मी चालू लागले आणि बापूरावने त्याच्याकडे तोंड करून, हात जोडून, शब्द म्हटला. मी थांबले. कवडूने हलकेच टाच लावली, मधुकररावांनी पुढून गूळ दाखवला. मी चालले, गूळ मिळाला. पुन्हा शब्द, पुन्हा गूळ. संध्याकाळी बापूराव शेल्याने तोंड पुसत म्हणाला, "लय जड शब्द हाय गा हा. तुहा बा दिवसभर कसा उचलत होता?" कवडूने स्वतःच्या हातातला रोडगा मोडून अर्धा त्याला दिला.

पळस फुलून गळेपर्यंत आमची ही शाळा चालली. गुळाच्या लोभाने टट्टू आणि टांग्याचा घोडाही शिकले. मग एका रविवारी तिघेही सरळ बैठकीसमोरून निघाले. दिवाणजींनी हसतच तोच शब्द टाकला आणि आम्ही तिघं जी उधळलो! दिवाणजींच्या पानाच्या तबकात धूळच धूळ. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा करून पाहिलं. तेव्हा विहिरीवरच्या बायाच त्यांना हसल्या. त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही.

श्रावणला हे आवडलं नव्हतं. "मालकाचं मीठ खाल्लं आपन," एवढंच तो म्हणे आणि माझ्यापुढे चारा टाकून निघून जाई. पण रोज संध्याकाळी मला खरारा करताना हळूच विचारायचा, "खरंच थांबत नाई व तू?"

यंदाच्या थंडीत माझा गुडघा सुजला. डॉक्टरने सांगितलं, आता स्वारी बंद. कवडूने खोगीर उतरवून ठेवलं. ते बघून श्रावण जवळ आला आणि मुलाला म्हणाला, "मले एकडाव नेशीन काय बैठकीवरून? बसून?"

कवडूने माझ्या गुडघ्याला दोन दिवस शेक दिला. कमलाने खोगिरावर गोधडीची घडी घातली. कवडूने बापाला उचलून वर बसवलं आणि लगाम धरून पुढे चालू लागला. श्रावणचं ओझं किती कमी झालं होतं! पोत्यावर बसायचा तेव्हाही तो जड नव्हताच.

बापूराव आणि मधुकरराव पायीच बरोबर आले. बैठकीवर सदाशिवराव एकटेच उन्हात बसले होते. ते काही बोलले नाहीत. बोलला श्रावण. सगळ्या जन्माची सवय, ती जिभेवर आपोआप आली.

"जोहार, मायबाप!"

त्याच क्षणी त्याचा उजवा पाय रिकिबीतून निघाला, हे मला दिसलं. ओझं डाव्या अंगाला कललं. कवडू जागच्या जागी थिजला. पण मला आता त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. मी चालू लागले. कवडूच्या हातातला लगाम सुटला की त्याने सोडला, कोण जाणे. श्रावणने घाबरून माझी आयाळ धरली, पाय परत आत घेतला आणि बसून राहिला. बैठक मागे गेली, विहीर मागे गेली. मी लंगडतच चालले होते.

"थांबली नाई," तो माझ्या मानेवर वाकून पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मी म्हनलो तरी थांबली नाई पोरगी!" त्याचे अश्रू माझ्या आयाळीत पडत होते, आणि मला फार आनंद झाला होता.

आता मी दारात बांधलेली असते. रविवारी मित्र येतात, माझ्या मानेवर थाप मारून जातात. तुम्हीही या गावी आलात तर या, गूळ आणा. आणि पाखरीचा शेवटचा स्वार कोण, असं कोणी विचारलं तर श्रावणचं नाव सांगा. तो कुठे उतरला, तेही सांगा. तो आपल्या स्वतःच्या दारात उतरला.