दरफाळणीचे तीन तारे

२००६ साली लीड्समध्ये आमची दरफाळणी नेमकी रमझानात आली. दरफाळणी म्हणजे आम्हा बेने इस्रायली ज्यूंचा योम किप्पूर. दिवसभर उपास, दार बंद, तारे दिसेपर्यंत बाहेरच्या कुणाला दारात उभं करायचं नाही.

सूर्य मावळून अर्धा तास झाला आणि शेजारच्या जुबेदा पारकरने दार ठोठावलं.

“मलका, मासे तळलेत. जेवायला चल!”

“तीन तारे दिसल्याशिवाय नाही,” मी आतूनच खेकसले. “तुझा रोजा सुटला ना? मग जेव जा!”

“नुसता खजूर खाल्लाय. पैगंबरांच्या काळात मदिनेत सुरुवातीला आमची माणसं तुमच्या लोकांबरोबर उपास धरायची. मला जरा थांबता येत नाही होय?”

“पायरीवर गारठशील.”

“गारठू दे. तू दार उघडू नकोस, तारे मी मोजते. दोन झालेत.”