गळ्यातलं बूच

आमच्या बोट क्लबात लाटा दुप्पट करून सांगायला परवानगी आहे. चौपट केल्या तर माझे सासरे खाकरतात. वारा, मासा, तलावाच्या पलीकडच्या काठावर दिसलेला साप, सगळ्यांना हीच सवलत. फक्त बुचाबद्दल खोटं बोलायचं नाही.

बूच म्हणजे काय, हे बोट नसलेल्या सुखी माणसांना सांगायला हवं. बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, एक भोक असतं. बोट जमिनीवर असताना आत साठलेलं पाणी त्यातून काढून टाकायचं आणि बोट पाण्यात सोडण्याआधी त्याला बूच लावायचं. एवढंच काम, आणि तेवढंच चांगली शिकलीसवरलेली माणसं विसरतात. जो विसरेल त्याने एक जुनं लाल बूच दोरीत ओवून गळ्यात घालायचं, पुढचा कोणी विसरेपर्यंत काढायचं नाही, असा नियम सव्वीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी केला. ते निवृत्त हेडमास्तर. नियम केल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. सव्वीस वर्षांत ते बूच क्लबातल्या प्रत्येकाच्या गळ्यात पडलं, त्यांच्या एकदाही नाही, आणि याची आठवण ते आठवड्यातून एकदा तरी करून देतात.

त्या शनिवारी बूच दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या गळ्यात होतं. चार महिने झाले होते. दवाखान्यातल्या खुर्चीवर आडवा पडलेला प्रत्येक पेशंट तोंड उघडं असतानाच त्याची चौकशी करायचा म्हणे. आता कोणीतरी विसरावं म्हणून त्या देव पाण्यात घालून बसल्या होत्या. आणि संध्याकाळी पाच वाजता, चहाच्या वेळेला, क्लबाच्या पत्र्याच्या खोलीत सासरे आणि मी शिरलो. दोघंही गुडघ्यापर्यंत ओले.

"मी दुर्बिणीतून सगळं पाहिलंय," तुफान म्हणाला. त्याचं सलून आहे, आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीत तुफान येतं म्हणून त्याचं हे नाव. "सूनबाई टोपीने पाणी उपसत होत्या!"

"टोपीने बाबा उपसत होते. मी डब्याने," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंचा हात आपोआप गळ्यातल्या दोरीकडे गेला. कोपऱ्यातल्या बाकावर माझा नवरा बसला होता, कामावरून थेट आलेला, हाताला अजून ग्रीस. तो लिफ्टचा मेकॅनिक आहे. तो हसत नव्हता.

कारण मला माहीत होतं. महिन्यापूर्वी बाबा बाजारात स्कूटर ठेवून चालत घरी आले. नंतरच्या आठवड्यात गॅसवर दूध विसरले, भांडं जळून कोळसा झालं. तेव्हा जेवताना नवरा हळूच म्हणाला होता, "बाबा, बोटीवर असं एकदा जरी झालं ना, तरी किल्ली माझ्याकडे द्यायची." बाबा जेवत राहिले. सासूबाई गेल्यापासून हा माणूस सोमवार ते शुक्रवार नुसता ढकलतो, शनिवारी सकाळी मात्र आपणहून दाढी करतो. ती दाढी बंद झालेली मला बघायची नव्हती. म्हणून ट्रेलरचे पट्टे आवळतानाच मी ठरवून टाकलं होतं.

"बूच मी विसरले," मी उभी राहून जाहीर केलं. मी गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून दिवसातून वीस वेळा 'छान जमतंय' म्हणते. शांत चेहऱ्याने खोटं बोलणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे.

डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली. मी रंगवून सांगायला सुरुवात केली. "निघालो तेव्हा पाण्यावर सुरकुती नव्हती. मधल्या खडकापाशी पोचलो आणि माझ्या चपला तरंगायला लागल्या. लाटा कमरेएवढ्या..."

बाबा खाकरले.

"गुडघ्याएवढ्या. बाबा म्हणाले, इंजिन बंद करू नकोस, वेग वाढव, पळत्या बोटीतलं पाणी भोकातून मागच्या मागे निघून जातं. मग ते पालथे पडले, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि आतून बूच बसवलं. आमच्या डब्यातलं जेवण माशांनी खाल्लं."

हे सगळं खरं होतं. खोटी होती ती सुरुवात. बोट उतरवताना मी गाडीत बसून ट्रेलर मागे घेते आणि ओरडून विचारते, "बूच?" बाबा मागून ओरडतात, "लावलं!" सहा वर्षं हे चाललंय. त्या दिवशीही ते ओरडले होते, चांगले खणखणीत. आणि बूच निघालं त्यांच्या चष्म्याच्या घरात. मी ते घर उघडलं तेव्हाचा त्यांचा चेहरा मला पुन्हा बघायचा नाही.

"सूनबाई, एक शंका आहे," बाबा म्हणाले. 'सूनबाई' ते फक्त माझी फिरकी घ्यायची असली की म्हणतात.

"विचारा."

"बोट उतरवताना तू कुठे होतीस?"

"गाडीत."

"हात कुठे होते?"

"स्टिअरिंगवर."

"आणि बूच बोटीच्या ढुंगणाला. तुझे हात काय वीस फूट लांब आहेत?"

खोली खदखदून हसली. "नापास," बाबा म्हणाले. "सव्वीस वर्षं लोक माझ्यासमोर थापा मारतायत, पण इतकी ढिसाळ थाप कोणी मारली नव्हती." मग ते टेबलाला धरून उभे राहिले. "बूच मी विसरलो. नुसता विसरलो नाही, लावलं म्हणून ओरडून सांगितलं. आणि खरं सांगू? मला ते लावल्याचं अजूनही आठवतंय."

हसणं थांबलं. तुफानने किटलीचं झाकण उगाचच उघडून बंद केलं.

"राहू द्या हो, हेडमास्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला सवय झालीये आता. पेशंटांशी बोलायला विषय मिळतो."

"नियम म्हणजे नियम," म्हणून बाबांनी मान पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी दोरी घातली, पण चार महिन्यांत ठरवून ठेवलेलं एकही वाक्य बोलल्या नाहीत. मग बाबांनी खिशातून बोटीची किल्ली काढली, पाण्यात पडली तरी तरंगावी म्हणून नारिंगी गोळा लावलेली, आणि मुलापुढे ठेवली. "तू म्हणाला होतास."

मला नवऱ्याचा राग आला, आणि तो चुकीचं काहीच बोलला नव्हता याचा जास्त आला.

त्याने किल्लीकडे पाहिलं. उचलली नाही. "चष्म्याचं घर द्या जरा," तो म्हणाला. बोट वर काढल्यावर बाबांनी पुन्हा त्यातच ठेवलेलं आमच्या बोटीचं खरं बूच त्याने काढलं, काळ्या रबराचं, पितळी कडीचं. बाबांच्या गळ्यातली दोरी सोडून जुनं लाल बूच बाजूला ठेवलं, आणि खरं बूच ओवून पुन्हा गाठ मारली.

"दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, बाबा. कितीही बटणं दाबा. हे गळ्यात दिसतंय तोवर बोट हलणार नाही. किल्ली हिच्याकडे. तुमचा गळा मोकळा दिसला तरच ती देईल."

"म्हणजे मी लिफ्ट?"

"तुम्ही दार."

"या वयात मला कडी लावलीस," बाबा म्हणाले. आवाज जरा फाटला होता, म्हणून त्यांनी लगेच चहा मागितला.

"पण पुढचा कोणी विसरला तर?" डॉक्टरीणबाईंनी लाल बूच उचलत विचारलं.

"त्याला ते घाला. हे माझं आहे," बाबा म्हणाले.

पुढच्या शनिवारी ते दाढी करून, बूच शर्टावर मिरवत गाडीत बसले. तलावाच्या उतारावर मी ट्रेलर मागे घेतला आणि ओरडले, "बूच?"

"लावलं!" पूर्वीसारखंच खणखणीत.

मी आरशात पाहिलं. बूच त्यांच्या छातीवर लोंबत होतं. हँडब्रेक ओढून मी खाली उतरले. चेहरा 'छान जमतंय'वाला ठेवला.

"बाबा, गळा."

त्यांचा हात वर गेला, बुचाला लागला आणि तिथेच राहिला. ते पाण्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणतील घरी चल.

"हेडमास्तरांची परीक्षा घेतेस होय," ते म्हणाले आणि बोटीच्या मागे गेले. परत आले तेव्हा शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, गळा मोकळा होता आणि हात माझ्यापुढे पसरलेला होता.

मी आधी गळा पाहिला. मग मागे जाऊन बूचही पाहिलं. मग किल्ली दिली.

"लाटा कशा आहेत आज?" मी विचारलं.

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. पाणी अगदी निवांत पडलं होतं.

"दुप्पट," बाबा म्हणाले आणि बोटीत चढले.