खारातलं लिंबू

आमच्या आत्याबाईला, म्हंजे माझ्या सासूला, लिंबोणीचं लई येड. दारातलं झाड तिनंच लावलेलं. कुणाचं पोट दुखलं, लिंबू. ऊन लागलं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. पित्त उसळलं, आल्याच्या रसात लिंबू. डोक्यात कोंडा झाला तरी लिंबूच! मी निलंग्याकडनं नवी नांदायला आले तवा मला वाटलं, ह्या गावात डॉक्टर उपाशी मरायचा.

मग लातूर नवा जिल्हा झाला. हापिसं आली, साहेब आले, जीपगाड्या आल्या. पाऊस तेवढा आला न्हाई. रेणापूरकडच्या आमच्या गावात हिरी आटल्या. टँकर कवा यायचा, कवा न्हाई. भांड्याचं धुवण घालून आम्ही झाड जगवलं, पण त्याला फळ एक न्हाई.

त्यात मामंजी तापानं पडले. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. भाकरी नको, पेज नको, दूध नको. माणूस डोळ्यांदेखत वाळून चाललं. डॉक्टर म्हणला, "औषध झालं, आता पोटात अन्न गेलं पायजे." मामंजींचं एकच, "पेजंसंगं खारातलं लिंबू द्या."

खारातलं म्हंजे मिठात मुरवून वर्सानुवर्सं ठेवलेलं, काळंभोर झालेलं. आजाऱ्याच्या जिभेला तेच लागतं. आत्याबाईची बरणी फळीवर भरलेली होती. पण तिचा नेम, न्हाल्याबिगर बरणीला हात लावायचा न्हाई. आन न्हायला पाणी कुठलं? प्यायचीच मारामार.

"आत्याबाई, मी काढते," मी म्हणले.

"तू तरी कुठं न्हालीस?"

"कोरड्या चमच्यानं काढते की."

"खबरदार, महादेवी!"

असा संताप आला मला! "लिंबू ऱ्हाईल फळीवर, मामंजी ऱ्हायचे न्हाईत," मी तोंडावर बोलले.

वाटलं, आता माझी सालटी काढती. तर ती पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. "आसल्या टायमाला नेम मोडला आन ह्यांच्या जिवावर आलं तर गं?" तो हट्ट न्हवता, भ्या होतं. माझा राग निम्मा तिथंच गेला. पण बरणी काय खाली आली न्हाई.

आमचा आवाज गल्लीभर गेला आसणार. बौद्ध वस्तीतली रुक्मिणबाई गल्लीच्या तोंडाशी टँकरची वाट बघत रांगेत बसली होती, ती उठून घरी गेली आन काचेची बरणी घेऊन आमच्या दारात उभी ऱ्हायली. आत्याबाई दर साल तिला झाडाची लिंबं द्यायची. लिंबं द्यायला-घ्यायला चालायची. तिच्या घरचं रांधलेलं, मुरवलेलं मात्र आमच्या घरात कधी आलं न्हवतं. का, ते आमच्यात कुणी इचारतही न्हवतं.

"मावशी," ती म्हणली, "तुमच्याच झाडाचं हाय, माझ्या हातचं हाय. घेणार का न्हाई, सरळ बोला."

आत्याबाई एकदा बरणीकडं बघायची, एकदा आतल्या खाटेकडं. आतनं मामंजीच बोलले, "आण गं पोरी."

"या, आत या," मी म्हणले आन वाटीत पेज घेतली.

रुक्मिणबाईनं एक फोड काढून मामंजींच्या जिभेवर ठेवली. त्येंनी डोळे मिटले, मिटकी मारली. मग पेजंचा घोट. परत फोड, परत घोट. बघता बघता वाटी रिकामी!

"आजून दे," मामंजी म्हणले. माझ्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. एवढा आनंद मला माझ्या लग्नात झाला न्हवता, खरं सांगते.

आत्याबाई उंबऱ्यापाशी खांबाला धरून उभी होती. रुक्मिणबाई झाकण लावून निघाली. तशी आत्याबाईनं हात पुढं केला, बिनन्हालेला, तळवा वर करून. रुक्मिणबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं आन एक फोड त्या तळव्यावर ठेवली. आत्याबाईनं ती तोंडात टाकली आन बराच येळ चघळली.

"मीठ जरा जास्ती पडलंय," ती म्हणली. "बस की गं रुक्मिणे, उभी किती ऱ्हाशील?"

आन रुक्मिणबाई आमच्या घरात पहिल्यांदा बसली.