खालच्या मजल्यावरचं मूत्रपिंड

मी मेकनेस शहरातल्या हाजी बूशाईब कसायाच्या पोटातलं डावं मूत्रपिंड आहे. बरीच वर्षं वापरात असलेलं, थोडं चपटं आणि, खरं सांगायचं तर, फार जळकुकडं.

मित्रांनो, आईच्या पोटात आम्ही दोघे भाऊ खाली, ओटीपोटातच घडलो. मग उजवा रीतसर वर चढला आणि बरगड्यांखाली जाऊन बसला. मी कुठं रेंगाळलो कोण जाणे, खालीच राहिलो. त्याला चरबीची मऊ गादी मिळाली. हृदयाकडून पोटात उतरणारी मोठी रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, तिचा सरळ फाटा मिळाला. मला मिळाला तिच्या शेवटच्या टोकाचा वाकडातिकडा फाटा, आणि वरून हाजींचा चामडी पट्टा. त्याला लटकवलेला सुऱ्या घासायचा दांडा दिवसभर मला ढुशा द्यायचा. काम मात्र मी भावाइतकंच करत होतो.

मोठ्या ईदेला तर माझा नुसता जळफळाट व्हायचा. हाजी घरोघरी कुर्बानीला जात. मेंढा उघडला की पांढऱ्या चरबीतली मूत्रपिंडं दाखवून म्हणत, "बघा, अल्लानं जोडी कशी मांडलीय!" लोक वाहवा करत. मी खाली तडफडत ऐकत असे. हाताला मी कधी लागलोच, तर त्यांची बायको तामू म्हणायची, "वायगोळा आहे. जिरं घ्या."

मग उतारवयात हाजींची महाधमनी फुग्यासारखी फुगली. फुटली असती तर हाजी गेलेच असते. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर उमैमांनी यंत्रावर पोटाच्या आतलं चित्र काढलं आणि त्यात मी सापडलो.

"काहीतरीच!" हाजी उसळले. "उभा जन्म मेंढे सोलले मी. मूत्रपिंड कधी इतकं खाली नसतं."

"हाजी, तुम्ही मेंढा नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"डोकं तर हुबेहूब मेंढ्याचंच आहे," तामू पुटपुटली.

हाजींनी खाली हात नेऊन मला चाचपलं. तेवढ्यात उमैमांचा मदतनीस डॉक्टर म्हणाला, "याची रक्तवाहिनी नेमकी फुग्यातूनच निघते. ती वाचवायची म्हणजे काम वाढणार. काढूनच टाकू. वरचं एक पुरेल."

पुन्हा वरचा! माझा संताप संताप झाला.

"चांगलं चालतंय ना ते?" हाजींनी विचारलं.

"उत्तम चालतंय," उमैमा म्हणाल्या.

"मग राहू द्या. माझ्या दुकानात नासलेलं टाकतात, चांगलं नाही."

शस्त्रक्रियेच्या दिवशी महाधमनीला चिमटा लागला तो भावाच्या फाट्याच्या खाली. त्याला रक्त मिळत राहिलं, माझं बंद झालं. तो वर पोटभर पीत होता आणि मी कोरडा पडलो होतो. इतका हेवा मी जन्मात केला नव्हता. उमैमांनी माझ्या फाट्यातून थंडगार द्रव सोडून मला तगवलं, फुगलेल्या जागी कापडी नळी बसवली आणि माझा फाटा त्या नळीला शिवला. रक्त परत आलं तरी काही दिवस मी सुस्त होतो. तेव्हा माझ्या वाटणीचं कामही भावानंच उपसलं, कुरकुर न करता. त्याचाही मला रागच आला.

मित्रांनो, पोटात गोळा हाताला लागला तर जिऱ्यावर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा. आधी चित्र काढलं नसतं, तर माझा फाटा नकळत कापला गेला असता. आणि पाणी पीत जा. आम्ही कुठंही बसलेलो असलो तरी आम्हाला ते लागतं.

पुढच्या ईदेला हाजी शेजाऱ्यांकडे गेले, ते पट्टा सैल बांधून. मेंढा उघडला. शेजारी म्हणाला, "बघा, अल्लानं जोडी कशी मांडलीय!"

हाजींनी ओटीपोटावर हात ठेवला. "माझं इथं आहे," ते म्हणाले.

वरच्याचं नावसुद्धा काढलं नाही त्यांनी.