एकाच ताग्यातल्या जणी

दीक्षाचा ब्लाउज हातात आला आणि रमानं तो लगेच गठ्ठ्यात टाकला नाही. उलटा केला, सुलटा केला, मग कमरेपाशी दोन्ही टोकं धरून ताणून पाहिला. एवढासा. शाळेत जाणाऱ्या पोरीचा वाटावा असा.

"काय पाहून राहिली व रमा एवढं?" अंजनाबाईंनी विचारलं.

"काही नाई जी. चिठ्ठी नीट लागली का, थे पाहून राहिली."

विहाराच्या हॉलमध्ये सतरंजीवर साऱ्या बायकांचे जुने ब्लाउज पसरले होते. यंदाच्या बुद्धपौर्णिमेला महिला मंडळानं एकसारखं नेसायचं ठरवलं होतं. पांढरी साडी, निळा काठ आणि निळा ब्लाउज. साड्या सदर बाजारातल्या एकाच दुकानातून आल्या होत्या, ब्लाउजचं कापड एकाच ताग्यातलं होतं आणि शिवणारेही एकच, शेखर मास्टर. प्रत्येकीनं अंगाला नीट बसणारा आपला एक ब्लाउज नापासाठी द्यायचा, त्यावर नावाची चिठ्ठी टाचायची आणि मास्टरनं त्याबरहुकूम नवा शिवायचा. गळा गोल, बाही कोपरापर्यंत, पाठीवर दोऱ्या नाहीत की लटकन नाहीत. हे सगळं रमानंच सुचवलं होतं. "बुद्धाच्या दारात सगळ्या सारख्या दिसल्या पाहिजेत," असं ती बैठकीत म्हणाली तेव्हा अंजनाबाईंनी मान डोलावली. त्या मंडळाच्या अध्यक्ष, वयानं सत्तरीच्या पुढे. त्यांनी मान डोलावली की विषय संपायचा.

खरं सांगायचं तर बैठकीत बोलताना रमाच्या मनात बुद्ध नव्हता, दीक्षा होती.

दीक्षा ही तिची धाकटी जाऊ. भनपुरीच्या अलीकडे दोघा भावांनी मिळून घर बांधलं, खाली रमा आणि वर दीक्षा. दीक्षा एका इंग्रजी शाळेत शिकवायची. रोज सकाळी जिन्यावर तिच्या चपला वाजल्या की रमा खिडकीतून पाहायची. पाहायचं नाही असं ठरवूनही पाहायची. साधी सुती साडी, तीही फार महागाची नाही, पण अशी नेसलेली की जणू ती कापडातून कापूनच काढली आहे. जाताना दीक्षा खिडकीशी थांबून म्हणायची, "दीदी, हा रंग छान दिसून राहिला तुमच्यावर." मनापासून म्हणायची, आणि त्याचाच रमाला जास्त राग यायचा. टोमणा असता तर उलटून काही बोलता तरी आलं असतं.

रमा रेल्वेच्या ऑफिसात होती. कमावती बाई, कपाट साड्यांनी भरलेलं, आणि तरी रोज सकाळी त्या कपाटापुढं उभी राहून ती घामाघूम व्हायची. ही नेसली तर पोट दिसतं, ती नेसली तर दंड दिसतात. थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्यापासून अंग सुटत गेलं ते सुटतच गेलं. शेवटी हात जायचा तो ऑफिसच्या दोन-तीन ढगळ ब्लाउजांकडे. एकदा दीक्षाची पोपटी साडी पाहून तिनं त्याच दुकानातून अगदी तशीच आणवली होती आणि अभनपूरच्या एका लग्नात हौसेनं नेसली होती. तिथं एका बाईनं विचारलं, "दीक्षाची मागून आणली काय व?" त्या रात्री ती साडी ट्रंकेच्या तळाशी गेली.

म्हणून हा सारखेपणाचा घाट. सगळ्या एकाच ताग्यातल्या म्हटल्यावर दीक्षा वेगळी दिसणार तरी कशी, असा तिचा हिशोब होता. त्यातून यंदा पंचशील ध्वज चढवायचा मान रमाला मिळाला होता. बैठकीत मंडळातल्या रूपालीनं मध्येच म्हटलं होतं, "दीक्षा करेल तर फोटो चांगला येईल जी." अंजनाबाई म्हणाल्या, "फोटोसाठी नाई चढवत झेंडा. रमानं इतकी वर्षं विहार झाडला, यंदा थेच चढवन." दीक्षा नुसती हसली होती. रमाच्या कानातून मात्र रूपालीचं वाक्य जाईना.

सतरंजीवरचे ब्लाउज आवरत आले तेव्हा रूपालीनं विचारलं, "तुमचा कुठी हाय ताई?"

रमाच्या पिशवीत ऑफिसचा कथ्थई ब्लाउज होता. नापाला द्यावा असा तोच एक, अंगाला नीट बसणारा. पण तो काढून दीक्षाच्या ब्लाउजाशेजारी ठेवायचा म्हणजे सगळ्या बायकांसमोर आपली कंबर मोजून देण्यासारखं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. "घरीच राहिला वाटते. मी मास्टरकडे परस्पर देतो," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं ट्रंकेतून जुना ब्लाउज काढला. लेक स्नेहल दुसरीत होती तेव्हाचा. त्या काळी ती या ब्लाउजात बरी दिसायची, असं तिला आठवत होतं. पौर्णिमेला अजून अवकाश आहे, रात्रीचा भात बंद केला, सकाळी लिंबूपाणी घेतलं की उतरेल तेवढं, असं तिनं मनाशी धरलं. चिठ्ठीवर नाव लिहून तो ब्लाउज तिनं मास्टरला दिला.

मास्टरनं तो झटकून पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. "दीदी, येही नाप है ना?"

"हव, यही है," रमा म्हणाली.

भात बंद झाला. लिंबूपाणीही झालं. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मास्टरकडून ब्लाउज आले, ते घरोघर पोचवता पोचवता रमाचे पाय दुखून आले. आपला तिनं घालून पाहिलाच नाही. परीक्षेचा निकाल पाकिटातच ठेवावा तसा तो तिनं उशाशी ठेवला.

सकाळी तो पाकिटाबाहेर आला. हात बाहीत गेले, पण पुढची दोन्ही टोकं एकमेकांकडे पाहायलाही तयार नव्हती.

"स्नेहल," तिनं हाक मारली.

स्नेहल आता कॉलेजात होती. तिनं एक नजर टाकली आणि कपाळाला हात लावला. "मम्मी, ये किसका नाप दे दिया आपने?"

"माहाच. आत शिलाईत कापड सोडलं असन, थे उसव बरं लवकर."

स्नेहलनं ब्लेड घेऊन दोन्ही बगलांच्या शिवणी उसवल्या. आतलं सोडलेलं कापड मोकळं झालं, तरी दोन बोटं कमीच पडत होती. पुढून पिन लावली, वरून पदर घेतला. आरशात बरं दिसलं. मग रमानं ध्वजाचा दोर ओढायचा म्हणून दोन्ही हात वर नेले, आणि पिन सुटून काखेतलं कापड टर्रकन फाटलं. मागच्या वर्षीचा पांढरा ब्लाउज घालून पाहिला, त्यात तर हात खांद्याच्या वर जाईनात.

नवऱ्यानं, निरंजननं, दाराबाहेरून विचारलं, "निघून राहिली का नाई? मी गाडी काढली हाय."

"तुम्ही व्हा समोर. मी येतो."

ती पलंगावर बसली. बाहेर वैशाखाचं ऊन चढत होतं. हे आपणच केलं, हे तिला कळत होतं, आणि कळल्यानं काही बरं वाटत नव्हतं. सारखेपणाचा खड्डा दीक्षासाठी खणला आणि त्यात आपणच गळ्यापर्यंत उभ्या. ताप आला म्हणून सांगावं, डोकं दुखतं म्हणावं, असे सगळे बहाणे तिनं एकेक करून तपासले.

तेवढ्यात दीक्षा आली. विहारातून तिला बोलवायला परत आली होती. रमानं तिला पाहिलं. तीच साडी, तोच काठ, त्याच ताग्यातला तोच गोल गळ्याचा ब्लाउज. आणि दीक्षा त्यात अशी दिसत होती की बाकीच्या साऱ्या जणींनी तिची नक्कल केली आहे असं वाटावं. ज्या बाईला रोखायला एवढा खटाटोप केला, तिलाच आपण नवा कपडा शिवून दिला होता.

"दीदी, अंजनाबाई थांबून राहिल्या तुमच्यासाठी," ती म्हणाली. मग तिचं लक्ष पलंगावरच्या फाटक्या ब्लाउजाकडे गेलं. ती हसली नाही. "अगं बाई. आता कसं?"

"कसं म्हणजे?"

"मंग मी करून देऊ का ध्वजाचं?" दीक्षा म्हणाली. जरा घाईनंच म्हणाली. "तुम्ही आरामशीर या मागून. अंजनाबाईले मी समजावून सांगतो."

काळजीनंच विचारलं असेल. पण ते बोलताना तिचा हात केसांतल्या मोगऱ्याकडे गेला, नजर क्षणभर आरशाकडे गेली, आणि रमाला दिसलं, दोर धरलेली दीक्षा, वर पाहणारी दीक्षा, फोटोत मधोमध दीक्षा. पुढं वर्षभर प्रत्येक घरात तो फोटो निघणार आणि प्रत्येक जण म्हणणार, किती छान दिसून राहिली. रमाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या घडीला तिला ना पोटाची लाज वाटली ना दंडांची. लाजेला जागाच उरली नव्हती.

"नाई," ती उठली. "ध्वज मीच चढवतो."

"पण घालसान काय?"

रमानं खुंटीवरचा कथ्थई ब्लाउज ओढला. धुवून धुवून त्याचे काठ विटले होते, काखा मोठ्या होत्या. तो अंगात चढला तसा तिचा श्वास मोकळा झाला. त्यावर तिनं निळ्या काठाची पांढरी साडी नेसली. स्नेहल दारात उभी राहून म्हणाली, "मम्मी, सब ब्लू में हैं, आप अकेली ऐसे दिखोगी."

"दिसू दे," रमा म्हणाली.

विहाराच्या अंगणात निळ्या-पांढऱ्या ओळी उभ्या होत्या. रमा पुढं गेली तशी कुजबुज तिच्या मागोमाग गेली. "कथ्थई काहून घातला व हिनं?" "हिनंच तं सांगतलं होतं ना सारखं घाला म्हणून." तिचे कान तापले. परत फिरावं असं एकदा वाटलं, पण परत फिरायला मागं दीक्षा उभी होती. अंजनाबाईंनी तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ऊन झालं बाई. चाल, धर दोर."

त्रिशरण-पंचशील झालं. रमानं दोर हातात घेतला आणि ओढला. ध्वज अर्ध्यावर गेला आणि थांबला. खांबाच्या टोकावरची गराडी, दोर फिरवणारी कप्पी, गंजली होती, दोर पुढं सरकेना. कोणीतरी म्हणालं, एखाद्या माणसाले बोलवा. रमानं पाय फाकवून जमिनीत रोवले, दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, जमेल तेवढा उंचावरून दोर धरला आणि अंगाचं सगळं वजन त्यावर टाकलं. वजन भरपूर होतं. गराडी कुरकुरली. पुन्हा हात वर, पुन्हा ओढ. पदर खांद्यावरून घसरला, पाठ घामानं भिजली, कंबर उघडी पडली, आणि तिचं त्यातल्या कशाकडेही लक्ष नव्हतं. तिला फक्त तो गंजका लोखंडी तुकडा दिसत होता. तिसऱ्या ओढीला तो सुटला, ध्वज सरसर वर गेला, आणि उष्ण वाऱ्यानं त्याचे पाचही रंग फडाड करून उघडले.

टाळ्या वाजल्या. सगळ्यांच्या माना वर होत्या. रमानं धापा टाकत मागं पाहिलं.

एकटी दीक्षा वर पाहत नव्हती. ती रमाच्या दोर धरलेल्या हातांकडे पाहत होती. ओठ आवळलेले, हनुवटी किंचित वर, चेहऱ्यावर हसू आणायचा यत्न चाललेला आणि हसू काही जमत नव्हतं. कपड्यात कुठं चुणी नव्हती, मोगरा जागच्या जागी होता. तो चेहरा कशाचा आहे हे अंगणात एकट्या रमाला कळलं असावं. खिडकीच्या काचेत तिनं तो स्वतःचा रोज पाहिला होता.

बरं झालं, असं तिला आधी वाटलं. अगदी स्वच्छ, थंडगार बरं वाटलं. भोगू दे जराशी, कळू दे कसं लागतं ते. पण ते बरं वाटणं जेवढा वेळ टिकेल असं तिला वाटलं होतं, तेवढा वेळ टिकलं नाही. तसा चेहरा घेऊन रात्र कशी जाते, हे तिला माहीत होतं.

फोटोवाला म्हणाला, "दीदी, इधर देखिए." रमानं तिकडे पाहिलं नाही.

"दीक्षा," तिनं हाक मारली. "इकडे ये व. दोर धरून हात भरून आले माहे. खांबाच्या खुंटीले गाठ मार."

"मी?" दीक्षा म्हणाली. "मले जमन का?"

"जमते. ये."

दीक्षा पुढं आली. इस्त्रीच्या निऱ्या गुडघ्यांखाली घेऊन ती खांबाशी धुळीत बसली आणि दोराचं टोक तिनं खुंटीला दोनदा गुंडाळलं. वर वारा जोर करत होता, दोर हातातून निसटू पाहत होता. पहिली गाठ बसली, पण दुसरी मारेपर्यंत ती सैल व्हायला लागली. रमानं वाकून त्या गाठीवर बोट धरलं. दीक्षानं दुसरी गाठ आवळली तेव्हा ते थोडं चिमटलं, पण रमानं ते काढून घेतलं नाही.